उत्तराची जागा

एप्रिलातल्या दुपारी साडेतीनला आमच्या रोह्याच्या वाचनालयात कुणी येत नाही. पंखा फिरत असतो आणि वर्तमानपत्रांचे कोपरे उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर कुंडलिका नदीतले चार गोटे ठेवलेले असतात. गेल्या आठवड्यात अशाच वेळी मागच्या आळीत टेम्पो येऊन थांबला. स्पीकर उतरवल्याचे आवाज आले, 'हॅलो, चेक' झालं आणि एक गाणं लागलं. मी पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होते. हातातली घडी अर्धवट राहिली.

आमच्या भागातल्या माणसाला ते गाणं सांगायला नको. तीन लगीनसराया झाल्या, त्याच्याशिवाय हळद लागत नाही. सुरुवातीला एका बाईच्या आवाजात धवल्याची ओळ येते. धवला म्हणजे आगरी लग्नातलं बायकांचं गाणं. तो गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, आणि जुन्या घरांतून तिच्या गाण्याच्या पावलानंच लग्न पुढे सरकायचं. या गाण्यात ती ओळ संपते न संपते तोच ठोका सुरू होतो, आणि एकदा सुरू झालेला ठोका शेवटपर्यंत थांबत नाही.

मी कान देऊन ती पहिली ओळ ऐकली. ओळ आणि ठोका यांच्यामध्ये श्वासाएवढीसुद्धा फट नाही. ही फट शोधायला मला हिरानं शिकवलं. हिरा मार्गशीर्षात गेली. तिच्यावाचूनची ही पहिली लगीनसराई.

त्याच संध्याकाळी पेणच्या साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला. हिरानं तीन वर्षांपूर्वी, एकाच मोसमात, त्यांच्याकडे गाण्यांवर नऊ लेख लिहिले होते. त्यांचा विशेषांक काढायचं त्यांच्या मनात आहे. लेख साप्ताहिकातच छापलेले, पण त्या वर्षीचे अंक कार्यालयात पाणी शिरलं तेव्हा गेले. कात्रणं आणि हस्तलिखितं माझ्याकडे आहेत. ती द्या आणि जवळची मैत्रीण म्हणून दोन पानंही लिहा, असं त्यांचं म्हणणं. पानं भावपूर्ण असावीत; तिची शाळा, तिचा हसरा स्वभाव, आजारपणातलं धैर्य. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी सांगितलं, की त्या धवल्याच्या गाण्यावरचा एक लेख तेवढा वगळू. कारण प्रकाशनाला त्या गाण्याचा गायक येणार आहे. आपल्याच तालुक्यातला मुलगा, नाव काढलंय त्यानं. 'गेलेल्या माणसाच्या नावानं कटुता नको ना ताई,' असं ते म्हणाले.

मी 'बघते' म्हटलं. आयुष्यभर मी 'बघते' म्हणत आले आहे. हिरा म्हणायची, घराला नावाची पाटी लावशील तेव्हा त्यावर 'बघते' एवढंच लिही, पोस्टमन बरोबर पत्र आणून देईल.

*

आमची ओळख पेणच्या कॉलेजातली. मी पेणच्याच मास्तरांच्या घरातली. आजोबांच्या काळात शेती होती, माझ्या वाट्याला पुस्तकांची कपाटं आली. हिरा धरमतरच्या खाडीकडल्या गावातली. वडील मिठागरावर, आई धवलारीण. वर्गात मी पहिल्या बाकावर लिहून घ्यायचे आणि ती मागे बसून ऐकायची. परीक्षेत माझी वही तिला लागायची, आणि मला तिचा कान लागायचा, हे मात्र मला उशिरा कळलं. प्राध्यापक कविता वाचत असले की ती हळूच बोटानं बाक वाजवायची आणि नंतर म्हणायची, सरांनी तिसऱ्या ओळीला दम चुकवला. मी म्हणायचे, अर्थ बघ. ती म्हणायची, दम चुकला की अर्थ कुठला राहतो गो?

पुढे मी रोह्याला वाचनालयात लागले, तीही खांब गावच्या शाळेत शिक्षिका होऊन रोह्यालाच राहायला आली. रोज स्कूटरनं जायची-यायची. लग्न आम्ही दोघींनीही केलं नाही. माझ्याबद्दल लोक 'राहून गेलं' असं म्हणत. तिला कुणी विचारलं तर ती सांगायची, आईनं एवढी लग्नं लावली, एक कमी पडलं तर काय बिघडलं.

तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात एकदा शाळा सुटल्यावर ती वाचनालयात आली. वेणीत सोनचाफा होता आणि हाताला खडू. रविवारच्या पुरवणीत गाण्यांवरचा एक मोठा लेख होता, तो तिनं उभ्यानंच वाचला. मग म्हणाली, वर्षभराची फाइल काढ. आम्ही दोघी टेबलावर फाइल उघडून बसलो. तिला गाण्यावर लिहिणारी एक बाई हवी होती. बायकांचे लेख सापडले. एकीनं एका मोठ्या गायिकेच्या हातच्या पुरणपोळीबद्दल लिहिलं होतं. दुसरीनं साड्यांबद्दल. तिसरीनं एका गायकाच्या आवाजामुळे आपल्या संसारातला कठीण काळ कसा सरला ते लिहिलं होतं, आणि ते वाचून माझे डोळे भरले होते, हेही खरं. हिरानं फाइल मिटली. म्हणाली, "बायांनी लिवलंय, पन गाण्यावर नाय. गाणाऱ्याच्या जेवणावर."

मग स्वतःच हसली आणि माझ्याकडे एकरेघी वही मागितली.

*

असा तो मोसम सुरू झाला. ती शाळेतल्या पेन्सिलीनं लिहायची, कारण शाईनं लिहिलं की तिला आपण हजेरी मांडतोय असं वाटायचं. मी ते शाईनं उतरवून काढायचे, शुद्धलेखन बघायचे आणि साप्ताहिकाला पाठवायचे. तिचं पेन्सिलीतलं पान माझ्याकडेच राहायचं. ही आमची रीत पहिल्या लेखापासून पडली.

विषय कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. गाणी हवेत होती. फाल्गुन संपला की आमच्याकडे हवेत दोनच गोष्टी असतात, एक ऊन आणि दुसरं स्पीकर. हायवेवर ताडगोळेवाल्या बसलेल्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या, कंपनीच्या शिफ्टची बस धुरळा उडवत गेली की मागून नवऱ्याचा टेम्पो. प्रत्येक टेम्पोत तीच पाच-सहा गाणी. लोक ती ऐकत नव्हते, त्यांत राहत होते. आणि ज्यात आपण राहतो त्याबद्दल बोलायचं नाही, असं कुणी ठरवलं, हा हिराचा पहिला प्रश्न होता.

पहिला लेख एका नवरीवरच्या गाण्याबद्दल होता. त्यात तिनं लिहिलं, 'या गाण्यात नवरीला चंद्र म्हटलं आहे, मासोळी म्हटलं आहे, मोबाइल म्हटलं आहे. पण साऱ्या गाण्यात ती काही करत नाही. एकदा वळूनसुद्धा बघत नाही. चाल इतकी चपळ असताना नवरीला असं खिळवून ठेवणं ही चालीशी बेइमानी आहे.' संपादकांनी तो 'गृहिणी' या पानावर छापला. त्याच्या खाली कैरीच्या तक्कूची कृती होती. मला फार लागलं. हिरा म्हणाली, लोणचं असतं तर बरं झालं असतं, टिकलं तरी असतं.

एका रविवारी तिनं मला जोह्याला नेलं. तिची मामेबहीण वनिता तिथं गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. भाद्रपद लांब असला तरी पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या होत्या आणि आठ-दहा बायका पाटांवर बसून रंगवत होत्या. मोबाइल एका डब्यात उभा करून ठेवलेला, म्हणजे आवाज घुमतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाणी. हिरानं विचारलं, यातलं चांगलं कुठलं? बायका हसल्या. मग वनितानं मान वर न करता सांगितलं, की या गाण्याला पाट रंगवायचा, किनार नाही. आम्हाला कळेना. तिनं समजावलं. काही गाणी अशी, की हात आपोआप ठोक्याबरोबर चालतो. मोठा ब्रश, एकच रंग, मूर्तीखालचा पाट भरून काढायला ती बरी. पण पितांबराची किनार ओढताना तेच गाणं लागलं तर हात झटका खातो आणि रेघ सुटते. किनारीला वेगळी गाणी लागतात. त्यांच्यात ओळीच्या शेवटी थांबायला जागा असते. त्या जागेत ब्रश उचलायचा.

हिरा पाटावर बसून हे सगळं उतरवून घेत होती. एक म्हातारी बाई वनिताला म्हणाली, "आमाला कोन इचारतो गो, गानं कसा हाय?" हिरा म्हणाली, मी विचारतेय ना. त्यावर ती म्हणाली, तर मग लिही, सकालपास्नं ह्येच गानं पाच येला लावनाऱ्याच्या बोटाला रंग लावा. मोबाइल लावणारी मुलगी लाजून उठली आणि गाणं बदललं.

'पाटाचं गाणं, किनारीचं गाणं' हा तिचा तिसरा लेख. माझ्या मते तिचा सर्वांत चांगला. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण रेघेवर पारखलेलं गाणं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मग बोलणी सुरू झाली. शाळेतल्या एका सहकाऱ्यानं तिला सुचवलं, की मॅडम, तुम्ही कवितेवर लिहा, ते तुम्हाला शोभेल. एसटी स्टँडवर दोन मुलं तिच्या पाठीमागे हसली आणि एक दुसऱ्याला म्हणाला, जपून गा रे, बाई नापास करतील. हे तिला आवडलं. मागे वळून म्हणाली, "गाऊन तर दाखव, मग बघू." तो गायलाच नाही.

संपादकांची मात्र वेगळी अडचण होती. बाईंनी अश्लीलतेवर लिहावं, अशी वाचकांची अपेक्षा आहे, असं त्यांनी तीन वेळा कळवलं. हिरानं अखेर तसल्याच एका गाण्यावर लिहिलं, आणि लिहिलं की गाणं झकास आहे. ठोका ढिला सोडून पुन्हा आवळण्याची त्यातली गंमत तिनं दोन परिच्छेद सांगितली. वर आणखी लिहिलं, की हळदीला घाणा भरताना आमच्या आया-मावश्या जे गातात ते याच्या कितीतरी पुढचं आहे, आणि ते चालीत पक्कं बसतं. साप्ताहिकाला रागाची पत्रं आली. मला तेव्हा जे उमगलं ते मी आजवर कुठं लिहिलं नाही, ते इथं लिहिते. बाईनं गाण्याबद्दल रडावं, ते चालतं. गाण्यानं लाजावं, संतापावं, मुलांवर काय संस्कार होतील म्हणून काळजी करावी, तेही चालतं. तिनं गाणं चांगलं की वाईट हे ठरवलं, आणि का ते सांगितलं, की मात्र लोक खुर्चीत सरसावून बसतात. रडायला पुरावा लागत नाही. निकाल द्यायला अधिकार लागतो, आणि तो तुला कुणी दिला, हा प्रश्न त्या सगळ्या पत्रांत होता.

हिराला तो आईनं दिला होता.

*

चैत्रात तिच्या गावी एका लग्नाला मी गेले होते. सकाळची वेळ. अंगणात मांडव, दोन मुसळं एकत्र बांधलेली, उखळात हळकुंडं, आणि पदूमावशी, म्हणजे हिराची आई, हिरव्या नऊवारीत उखळाशी बसलेली. तिच्या मागे पाच-सहा बायका. मावशी एक ओळ म्हणायची, मग थांबायची, आणि तीच ओळ मागच्या बायका उचलून म्हणायच्या. याला त्या झेलणं म्हणतात. झेललेली ओळ पूर्ण परत आल्याशिवाय मावशी पुढची सोडत नव्हती. मांडवाचा आवाज, पोरांची रडारड, भांडी, सगळं त्या थांबण्यात ऐकू यायचं, आणि मग त्या सगळ्यावरून बायकांचा आवाज यायचा.

मधेच मागच्या एका तरुण बाईनं ओळ अर्धीच झेलली. फोन वाजला म्हणून की काय, शेवटचे शब्द गिळले. मावशीनं तळहात वर केला. मुसळं थांबली. ती एवढंच म्हणाली, "मागं या." आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं. नवऱ्याचे काका घड्याळ बघत आले. मुहूर्त जवळ आलाय मावशी, आटपा, असं म्हणाले. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मुहूर्त थांबंल," ती म्हणाली. "अर्ध्या गान्यावर लगीन नाय लागत."

काका थांबले. मांडव थांबला. मी शहाण्यासारखी एका खांबाला टेकून उभी होते, आणि हिरा माझ्या कानाशी पुटपुटली, बघ, ही माझी युनिव्हर्सिटी.

तीन आठवड्यांनी त्याच गावातल्या दुसऱ्या मांडवात ते नवं गाणं लागलं. तेव्हा नुकतंच आलं होतं. मावशी नेहमीप्रमाणे उखळाशी जाऊन बसणार, तोच एक मुलगा प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि अगदी आदरानं म्हणाला, मावशी, तुम्ही आता बसा, धवला यात आहे. स्पीकरमधून ती एक ओळ आली. मावशीच्या मागच्या बायकांनी सवयीनं ती झेलायला तोंड उघडलं, आणि ठोका त्यांच्या तोंडावर येऊन आदळला. एक-दोघी हसल्या. एक नाचायला गेली. मावशी खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसली होती. तळहात वर करावा तर तो कुणाला दिसणार होता?

हिरानं त्याच आठवड्यात लेख लिहिला. पेन्सिलीचं ते पान माझ्यासमोर आहे. पहिलं वाक्य असं: 'हे गाणं वाईट आहे.' मग पुढे, 'आवाज गोड आहे, चाल जुनी आणि भक्कम आहे, गायकाची तयारी आहे. तरी हे गाणं वाईट आहे, कारण धवल्याची ओळ घेताना त्यानं ओळीनंतरची जागा कापली. ती जागा रिकामी नव्हती. ती बायकांनी उत्तर द्यायची जागा होती.'

मी ते उतरवून काढायला बसले आणि माझा हात अडला. तो गायक तेव्हा नवा होता, गरीब घरातला होता, मुलाला एवढं लागेल असं कशाला लिहायचं, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटली. पत्रं येतील, कुणी वाचनालयात येऊन विचारील, अध्यक्षांच्या कानावर जाईल. मी तिचं वाक्य खोडलं नाही, शाईत उतरवलंच नाही. त्याऐवजी लिहिलं: 'हे गाणं मला व्यक्तिशः तितकंसं भावलं नाही.' दुसऱ्या ठिकाणचं 'वाईट' काढून 'थोडं उणं' केलं. 'कापली'चं 'राहून गेली' केलं. तिला न दाखवता पाठवलं. आम्हा शिकलेल्यांची ही खास चूक आहे. आम्ही कुणाचं तोंड दाबत नाही. आम्ही भाषा सुधारतो.

लेख छापून आला आणि लोकांनी वाखाणला. समतोल आहे, म्हणाले. त्याच सहकाऱ्यानं हिराला सांगितलं, की आता तुमच्या लेखणीला वळण लागलंय. ती अंक घेऊन वाचनालयात आली, टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर माझा एक गोटा ठेवला.

"ह्ये कुनी लिवलं?" तिनं विचारलं. ती माझ्याशी एरवी असं बोलायची नाही. ही तिच्या घरची भाषा होती.

मी काहीतरी म्हणाले. सौम्य शब्द दूरवर जातात, असलं काहीतरी.

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाली, "त्यानं आयची जागा कापली. तू माझी कापलीस." आणि उठून स्कूटर सुरू करून गेली.

भांडण झालं नाही. दोन दिवसांनी ती करवंदं घेऊन आली, आम्ही चहा प्यायलो. पण नंतर तिनं माझ्याकडे उतरवून काढायला एक ओळसुद्धा दिली नाही. तो नववा लेख होता. पाऊस आला, शाळा सुरू झाली, लगीनसराई संपली, आणि तिनं लिहिणं थांबवलं. पुढच्या वर्षी मी एकदा विचारलं, तर म्हणाली, बघते. मला माझाच शब्द ऐकवला तिनं. त्यानंतर आजार आला. अलिबागच्या हॉस्पिटलात मी तिच्या उशाशी बसून किती पुस्तकं वाचली, पण त्या पानाबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. माणूस गेल्यावर लोक विचारतात, शेवटचं काय बोलली. मला तिचं शेवटचं बोलणं आठवत नाही. मला ते खिडकीजवळचं वाक्य आठवतं.

*

संपादकांच्या फोननंतरच्या रविवारी मी एसटीनं वडखळला उतरले आणि तिथून रिक्षानं पदूमावशीच्या गावी गेले. पिशवीत छापील अंक होता आणि पेन्सिलीचं पानही होतं. मी कशासाठी गेले ते खरं सांगते. मावशी म्हणेल, सोड गो, कशाला आता वाद, आणि मी सुटेन, या आशेनं गेले.

मिठागरं आता तिथं फारशी नाहीत. बांध फुटलेत, खाजणात तिवरं वाढलीत, पलीकडं कंपनीची लांब भिंत दिसते. मावशी ओटीवर सुकट पसरून कावळे हाकत होती. हिराची भावजय आत भाकऱ्या थापत होती. मी मावशीला विशेषांकाचं सांगितलं, गायकाचंही सांगितलं. ती म्हणाली, वाच तर खरा, लेकीनं काय लिवलेला.

मी छापील लेख वाचायला घेतला. ती डोळे मिटून, गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होती, गाणाऱ्या बाईला ऐकावं तशी. मी वाचलं, 'हे गाणं मला व्यक्तिशः तितकंसं भावलं नाही.' तिनं तळहात वर केला.

"मागं ये."

तिला ऐकू आलं नसेल असं वाटून मी मोठ्यानं वाचलं. हात खाली गेला नाही.

"ही वल हिराची नाय."

मी विचारलं, ही ओळ तिची नाही हे कशावरून, मावशी? तिला लिहिता-वाचता येत नाही. लेकीचा एकही लेख तिनं कुणाकडून वाचून घेतलेला नव्हता.

"पोर माजी दबकत नाय बोलायची," ती म्हणाली. "ह्या वलीत दम कुनीतरी दुसऱ्यानंच घेतलाय."

मी छापील अंक मिटून पिशवीत ठेवला. मग सांगितलं. मी बदललं, घाबरून बदललं, तिला न विचारता बदललं. तीन वर्षांत हे कुणाला सांगितलं नव्हतं. मावशीनं मला धीर दिला नाही, रागही केला नाही. हात तसाच वर होता. कावळा येऊन चोचभर सुकट उचलून गेला, तरी तिनं हाकला नाही. मला कळलं की ती माझ्या सांगण्यासाठी थांबलेली नाही. ती पहिल्यापासून सुरू करायची वाट बघतेय.

मी पिशवीतून पेन्सिलीचं पान काढलं. अक्षरं पुसट झालीत. चष्मा पुसला आणि वाचलं, "हे गाणं वाईट आहे."

आणि थांबले. मुद्दाम थांबले नाही. पुढचं दिसत नव्हतं.

त्या थांबण्यात मावशी म्हणाली, "ह्ये गानं वाईट हाय."

आणि आतून, पिठाचे हात तसेच ठेवून, दाराशी आलेली हिराची भावजय म्हणाली, "ह्ये गानं वाईट हाय."

मावशीचा हात खाली आल्यावर मी पुढचं वाक्य वाचलं. असं करत करत, झेलत झेलत, तो लेख संपायला पाऊण तास लागला. ऊन ओटीवरून उतरून अंगणात गेलं.

*

रात्र पडायच्या आत रोह्याला परतून मी संपादकांना फोन केला. सांगितलं, की नऊच्या नऊ लेख येतील, आणि त्या गाण्यावरचा सगळ्यांत आधी येईल, पेन्सिलीत आहे तसा. लेखांवरचा 'गृहिणी' हा मथळा काढून 'संगीत-समीक्षा' असा घालायचा. बदल मी केला होता, हे माझ्या नावानिशी छापायचं. ते म्हणाले, ताई, मग प्रकाशन कसं करणार, पाहुण्यांना काय सांगणार, तारीख ठरलीय. मी म्हटलं, तारीख थांबेल. ते म्हणाले, बघतो. तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून केवढा लहान वाटतो.

त्यांनी नाही छापलं तरी माझी अडचण नाही. तो एकटा लेख वगळून बाकीचे आठ मी देणार नाही. पेन्सिलीची सुटी पानं पुन्हा त्या एकरेघी वहीत शिवून तिला मी काल खाकी कव्हर घातलं आणि वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत तिची नोंद केली. लेखिका, हिरा म्हात्रे. विषय, संगीत-समीक्षा. आमच्या कपाटात त्या विषयाखाली बाईचं पुस्तक आतापर्यंत नव्हतं. आता आहे. त्या गायकाला हवी तर त्यालाही ती घरी नेता येईल. सभासद व्हावं लागेल. त्यानं वाचावी असं मला मनापासून वाटतं. हिरानं त्याचा आवाज गोड आहे म्हटलंय, तेही तिथंच लिहिलेलं आहे, आणि ते मी बदललेलं नव्हतं.

मागच्या आळीत आज पुन्हा टेम्पो आलाय. तेच गाणं लागलंय. मी खिडकी लावली नाही.

तर संपादक महाशय, दोन पानं तुम्ही मागितली होती, त्यांची ही इतकी झाली. मागितली होती तशी भावपूर्ण झालेली नाहीत. यांच्यानंतर तिचा लेख सुरू होईल. त्याच्या पहिल्या वाक्याखाली मी एक ओळ कोरी सोडली आहे. जागा वाचवायला म्हणून ती कापू नका. ती वाचणाऱ्या बायकांची आहे.

हे गाणं वाईट आहे.